हारल्याची हाळी

आंदर मावळात उंबरवाडी नावाची तीस-बत्तीस घरांची वाडी आहे. वाडीला रस्ता आहे, पण तो आहे म्हणायचा इतकाच. वीज आहे, ती तिच्या मर्जीने येते. मोबाईलला मात्र रेंज अजिबात नाही. कंपनीचे लोक दोनदा आले, कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघत उभे राहिले, चहा प्यायले आणि गेले. टॉवर काही आला नाही. वाडीने त्याचं फारसं मनावर घेतलं नाही, कारण वाडीकडे येसूबाई होती.

येसूबाई अठ्ठावन्न वर्षांची, उंचीने बेताची आणि अंगाने काटक. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, ही बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग ती तोंड उघडते. वाडीच्या वरच्या अंगाला खिंड आहे. त्या खिंडीत उभं राहून तिने हाळी दिली, की खालच्या शेवटच्या घरातली कानाने अधू असलेली म्हातारीसुद्धा 'कोन वरडतंय' असं न विचारता थेट मजकुराला उत्तर देते. हा आवाज काही गाण्याच्या क्लासात तयार झालेला नाही. लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून दर वर्षी भात पिकायला लागलं की येसूबाई माळ्यावर चढून बसायची आणि पोपट, चिमण्या, रानडुकरं, सगळ्यांना नावं ठेवून हाकलायची. चाळीस हंगाम असे गेले. पाखरं काही सुधारली नाहीत, आवाज मात्र तयार झाला.

नवरा भिकाजी दिवसाकाठी वीसेक शब्द बोलतो. घराच्या वाटणीचं बोलणं बायकोनेच उचलल्यामुळे त्याच्याकडे एवढंच उरलं असावं. त्याची काही तक्रार नाही.

तर वाडीला काय कळवायचं ते खिंडीतून येसूबाईने कळवायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसा पायंडा पडून गेला होता. रेशनचा टेंपो फाट्यावर आला, नर्सबाई लस घेऊन निघाल्या, अमक्याच्या सुनेला कामशेतच्या दवाखान्यात मुलगी झाली, पलीकडच्या रानात वणवा लागला. हाळी आली की माणसं हातातलं टाकून उठायची. खरं की खोटं, असा प्रश्नच नव्हता. कारण येसूबाईचा एक नेम होता. जे डोळ्याने बघितलं तेच सांगायचं. एकदा कुणी फाट्यावर तिला म्हणालं, "रेशन आलंय म्हनं, सांगा वाडीला." तर ती म्हणाली, "म्हनं कोन? मला पोती दाव." पोती बघितली, मोजली आणि मग खिंड चढली. अशा नेमाची बाई आयुष्यात एकदाच चुकली आणि तीसुद्धा फुटबॉलच्या नादाने.

आता फुटबॉल आणि येसूबाई यांची गाठ कुठे पडली, तर तिच्याच खाचरात. दहा वर्षांपूर्वी आश्रमशाळेतले एक मास्तर बदली होऊन जाताना एक फुटबॉल पोरांना देऊन गेले. भात कापून झाल्यावर खाचरं मोकळीच असतात. बांध म्हणजे आयती रेष. पोरं खेळायला लागली. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात चेंडू जायचा, आणि त्यातल्या एका खाचरात येसूबाईने हरभरा टाकला होता. ती काठी घेऊन धावून गेली. बघते तर एका पोराच्या मागे चौघं लागलेले आणि त्याचा सोबती मोकळा उभा राहून नुसता बघतोय. येसूबाईला राहवेना.

"आरं, तुज्या डाव्या अंगाला मोकळा हाय की त्यो! दे त्याला!"

पोराने बिचकून डावीकडे चेंडू दिला, गोल झाला आणि हरभऱ्याचा विषय तिथेच संपला.

त्यानंतर येसूबाई बांधावर बसू लागली. मग पोरांबरोबर शेजारच्या गावात सामने बघायला जाऊ लागली. बाईमाणसाने पिकपच्या हौद्यात पोरांबरोबर बसून चेंडूचे सामने बघत हिंडायचं, यावर वाडीत थोडी कुजबूज झाली. सगळ्यात मोठी कुजबूज तिच्या थोरल्या जावेची, मुक्ताबाईची. मुक्ताबाई कुजबुजतेही शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा बेताने.

"पोरं पळत्यात, त्यांचं वय हाय. हिला काय झालंय?" असं ती म्हणायची. येसूबाई उत्तर द्यायची नाही. पण मनात ठेवायची.

खेळाचे नियम तिने आपल्या पद्धतीने लावून घेतले होते. पंच म्हणजे शिट्टीवाला. ऑफसाईड म्हणजे पुढे जाऊन दबा धरायचा नाही, हे तिला चटकन पटलं, कारण ते न्यायाचं होतं. गोलकीपरला ती राखण्या म्हणायची. या जागेवर तिचा विशेष जीव. बाकीच्यांनी धावायचं, पडायचं, टाळ्या घ्यायच्या आणि राखण्याने एकट्याने उभं राहायचं. एक दाणा जरी गेला तरी लोक विचारणार, झोपला होतास का? हे दुःख तिच्याइतकं कुणाला कळणार?

उंबरवाडीचा राखण्या म्हणजे शिदू. तिच्या शेजारच्या घरातला, तेवीस वर्षांचा. लोणावळ्याला भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हॉटेलात तो भजी तळतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांची रीघ लागते तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. पण हिवाळ्यात मालक रविवारची सुट्टी देतो. उकळत्या तेलापाशी दिवस काढणाऱ्याला चेंडूची काय भीती? शिदू कशालाही हात घालायचा. त्याच्यात खोट एकच होती. नजर चेंडूवर खिळली की तो आजूबाजूचं विसरायचा. कडेने दुसरा गडी सुटून आलेला त्याला दिसायचाच नाही.

म्हणून येसूबाई त्याच्या गोलमागे उभी राहायची. "डावीकडनं एक आला! दाढीवाला! मोकळा हाय!" असं ती सांगायची आणि शिदू मान न वळवता तिकडे सरकायचा. मध्यंतरानंतर बाजू बदलली की येसूबाईसुद्धा पिशवी उचलून मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जायची. एकदा एका शिट्टीवाल्याने हरकत घेतली. म्हणाला, बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत, लांब जाऊन उभ्या राहा. ती पन्नास पावलं मागे गेली. आवाजाला पन्नास पावलांनी काय फरक पडतोय? शिट्टीवाल्याने नाद सोडला.

यंदा फेब्रुवारीत उंबरवाडी पहिल्यांदाच अंतिम सामन्याला पोचली. कामशेतला मैदान, समोर लोणावळ्याचा तगडा संघ. त्यांच्याकडे एकसारखे बूट, एकसारख्या पिशव्या आणि कुणी पडलं की धावत येऊन पायावर थंडगार फवारा मारणारा एक स्वतंत्र माणूस. उंबरवाडीकडे येसूबाई.

सामना तीनचा होता. साडेतीन वाजले तरी सुरू झाला नाही, कारण प्रमुख पाहुणे आले नव्हते. आले तेव्हा त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला, मग त्यांच्याबरोबर आलेल्यांना देण्यात आला, मग राहिलेल्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही. पाहुण्यांनी खेळाचं आयुष्यातलं महत्त्व सांगितलं. ऊन उतरायला लागलं, पोरांच्या अंगातली गरमी गेली आणि चार वाजून पाच मिनिटांनी एकदाची शिट्टी झाली.

पण काय खेळली पोरं! पहिल्या अर्ध्यात एक गोल, दुसऱ्याच्या सुरुवातीला आणखी एक. दोन-शून्य. शिदूने तीन चेंडू असे अडवले की लोणावळ्याच्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. येसूबाईचा घसा बसायची वेळ आली, जे चाळीस वर्षांत पोपटांनाही जमलं नव्हतं.

आणि पाच वाजले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. उंबरवाडीच्या फाट्याकडे जाणारी शेवटची एसटी कामशेतहून सव्वापाचला सुटते. पोरं पिकपने येणार होती, येसूबाईही एरवी त्यांच्याबरोबरच यायची. पण आज तिच्या डोक्यात दुसरंच होतं. पोरं कप घेऊन येणार आणि वाडीला पत्ता नाही, वाटेत कुणी उभं नाही, हलगी नाही, ओवाळायला ताट नाही, असं कसं चालेल? कुणीतरी पुढे जाऊन हाळी द्यायला हवी. आणि ती ऐकताना मुक्ताबाईचं तोंड कसं होतं, हेही तिला मनातून बघायचं होतं. हे ती कबूल करणार नाही, पण होतं.

तिने मैदानाबाहेर बसलेल्या संदेशला विचारलं, "किती ऱ्हायलंय?"

संदेश म्हणजे खालच्या गावातल्या बागायतदाराचा मुलगा. तळेगावला कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात या संघाचा व्यवस्थापक, खजिनदार आणि पाणी देणारा असतो.

"यीस मिन्टं, मावशी."

"दोन गोल हाईत आपलं."

"हाईत."

"मग झालंच की."

संदेशने डोळे मैदानावरून न काढता मान हलवली. ती होकाराची होती की नुसती धास्तीची, हे येसूबाईने बघितलं नाही. पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघाली. डोळ्याने बघितल्याशिवाय तोंड न उघडणारी बाई, वीस मिनिटं शिल्लक असताना, कापणी न झालेलं भात कणगीत भरल्यासारखं धरून मोकळी झाली.

एसटीत तिने सगळ्यांना सांगितलं. कंडक्टरने अभिनंदन केलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "चेंडू कुनाचा व्हता?" तिने त्यालाही समजावून सांगितलं. फाट्यावर उतरली तेव्हा सहा वाजले होते. खिंडीची चढण ती एरवी दोनदा थांबून चढते. आज एकदाही थांबली नाही.

खिंडीतून दोन्हीकडचं दिसतं. पुढच्या अंगाला खाली वाडी, मागच्या अंगाला खाली ओढा आणि फाट्याकडून येणारा कच्चा रस्ता. येसूबाईने पदर खोचला, तोंडाभोवती हातांचा आडोसा केला.

"जिकलोऽऽऽ! कप आलाऽऽऽ! पोरं येत्यातऽऽऽ!"

खालून आधी कुत्री भुंकली. मग एक आरोळी, मग दहा. घरांतून माणसं बाहेर आली. पोरं रस्त्याकडे धावली. कुणीतरी हलगीला ऊब द्यायला जाळ केला आणि जरा वेळाने हलगी अशी कडाडली की डोंगराने ती दोनदा वाजवून दाखवली. भिकाजी अंगणात उभा राहून टोपी हवेत उडवताना तिला एवढ्या लांबून दिसला. लग्नातसुद्धा त्याने असं काही केलं नव्हतं. येसूबाई दगडावर बसली आणि आयुष्यात क्वचितच बसते तशी, नुसती बघत, बसून राहिली. तिला फार बरं वाटत होतं.

पाठीमागून मोटरसायकलचा आवाज आला. संदेश होता. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. गाडी स्टँडवर न लावताच, ती एका हाताने धरून त्याने विचारलं,

"मावशी, हाळी दिली?"

"दिली की! ऐक, हलगी ऐक!"

संदेशने ऐकली. त्याचं तोंड उतरलं.

"मावशी, हारलो आपून. तीन-दोन."

"ए, वंगाळ थट्टा करू नगं."

"थट्टा करायला तेरा किलोमीटर गाडी फोडत आलो का मी? वाटलं, हाळीच्या आधी गाठीन तुमास्नी. हारलो."

येसूबाई उठली. आधी तिला राग आला, आणि तो तिने पद्धतशीर, एकेकाच्या नावाने काढला. पहिला शिट्टीवाला. त्याच्या डोळ्यांत काय पडलं होतं, कुठल्या झाडाचं पडलं होतं आणि ते कधी निघू नये, हे तिने सांगितलं. मग प्रमुख पाहुणे. तीनला आले असते तर सव्वाचारला सामना संपला असता. मग त्यांची शाल. मग लोणावळ्याचा तो फवारेवाला. मेलेल्या गड्याला उठवून परत पळायला लावणारा खेळ हा काय खेळ झाला? मग एसटी महामंडळ. मग खाचरात खेळायची सवय असलेल्या पोरांना सपाट मैदान दिल्याबद्दल आयोजक. संदेश मुकाट्याने ऐकत होता. त्याला माहीत होतं की यातून गेल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

"आन् शिदू काय करत व्हता?" तिने शेवटी विचारलं. "तीन गोल जाईस्तोवर? झोपला व्हता?"

संदेश गाडीच्या आरशावरची धूळ पुसायला लागला.

"बोल की."

"जाऊ द्या मावशी."

"मी इचारतीया न्हवं?"

"पैला गोल गेला तवा त्यो मागं वळून बघत व्हता," संदेश म्हणाला. "तुमी दिसंना त्याला. आवाज का न्हाई म्हनून बघायला वळला, आन् कडंनं गडी आला. मग त्यो सारखाच वळायला लागला. मला इचारलं, मावशी कुटंय? पडली का? चक्कर आली का? मी म्हनलं, एसटीला गेली, तू खेळ. पर मन उडालं त्याचं. दुसरा बी तसाच गेला, तिसरा बी."

येसूबाई परत दगडावर बसली. चाळीस वर्षांत भाताचं एक कणीस पाखरांना न देणारी ती, आणि आज राखणीची जागा सोडून ऐन वेळी निघून आली होती. तेही मिरवायला.

खाली हलगी रंगात आली होती.

"आता एक करू," संदेश म्हणाला. "वाजू द्या. दुसऱ्या नंबरचा पन कप हाय, पिकपमदी हाय. तोच मिरवू. वाडीतल्यास्नी काय कळतंय कुठला कप ते? राती जेवनं झाल्यावर हळूच सांगू. तुमची बी हाळी खोटी पडायची न्हाई."

येसूबाईला ते पटलं. खोटं कशाला सांगा, घटकाभर चांगलंच पटलं. आजवर तिच्या हाळीवर माणसं वणव्याकडे धावली होती, बाळंतिणीला डोलीत घालून निघाली होती. उद्यापासून 'येसूनं सांगितलंय, पर खरं आसंल का?' असं कुणी म्हणालं, तर मग तिच्याजवळ उरलं काय? आणि मुक्ताबाई तर जन्मभर सोडणार नव्हती.

"पोरं कुटवर आल्यात?" तिने विचारलं.

"मागंच हाईत." संदेशने वळून ओढ्याकडे बोट केलं.

पिकप ओढ्याच्या अलीकडे थांबली होती. हौद्यातून पोरं खाली उतरून उभी होती, पण पुढे कुणी येत नव्हतं. हलगीचा आवाज खिंड ओलांडून तिथपर्यंत जात होता. पाठीला पिशवी लावलेला एक जण त्यांच्यातून निघून परत फाट्याच्या दिशेने चालायला लागला होता. कोण, ते इतक्या लांबून ओळखू यायचं कारण नव्हतं, पण येसूबाईने चालीवरून ओळखलं.

"शिदू वाटंत म्हनत व्हता," संदेश हळू आवाजात म्हणाला, "वाडीत पाय ठेवत न्हाई. फाट्यावरनं जीप गावली तर लोणावळ्याला जातो म्हनला. परत खेळनार बी न्हाई. आन् आता ही हलगी ऐकली त्यानं."

येसूबाईने ती हलगी एकदा शिदूच्या कानाने ऐकली. मगाशी तिला गोड लागत होता तोच आवाज, त्या पोराला किती झोंबत असेल! दोन नंबरचा कप मिरवून याचं काय होणार होतं? तो तर फाट्यावरून निघूनही गेला असता, आणि तीन गोल आपल्यामुळे गेले हे डोक्यात घेऊन उद्या कांदे कापायला बसला असता.

तिने पदर पुन्हा खोचला.

"मावशी, इचार करा," संदेश म्हणाला.

"तू गाडी लाव आधी नीट," ती म्हणाली आणि खिंडीच्या अगदी मधल्या खडकावर जाऊन उभी राहिली. तिथून दिलेली हाळी दोन्ही अंगांना जाते.

"ऐकाऽऽऽ! हलगी थांबवाऽऽऽ! येसू बोलतीयाऽऽऽ!"

हलगी एकदम थांबली नाही. दोन-तीन थापा उरल्यासुरल्या पडल्या आणि मग थांबली.

"हारलोऽऽऽ! तीन-दोनऽऽऽ!"

वाडीत सगळी हालचाल थांबली. भिकाजीची टोपी हातातच राहिली.

"मी शेवटपत्तुर नव्हतेऽऽऽ! न बघताच सांगितलंऽऽऽ! माजं चुकलंऽऽऽ!"

तिने दम घेतला. पुढचं बोलणं वाडीसाठी नव्हतंच. ती पाठ फिरवून ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"राखण्याचं काय बी चुकलं न्हाईऽऽऽ! मीच जागा सोडून आलेऽऽऽ! मिरवायला आलेऽऽऽ! त्यानं तीन आडवले ते म्या बघितल्यातऽऽऽ! डोळ्यांनी बघितल्यातऽऽऽ!"

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. संदेशने मान दुसरीकडे वळवली.

रस्त्यावरचा तो पिशवीवाला चालायचा थांबला होता. वळला मात्र नव्हता. पोरंही होती तिथेच होती. वाडीकडून काहीच येईना. इतकी शांतता त्या खिंडीत येसूबाई असताना कधी झाली नव्हती. आपल्या हाळीला उत्तर आलं नाही, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. आता यापुढे येईल की नाही, हेही तिला कळेना. ती तशीच उभी राहिली.

मग खालून एक आवाज आला. बारीक, चिरका, हाळी द्यायची अजिबात सवय नसलेला. मुक्ताबाईचा.

"येसूऽऽऽ! मानसं किती हाईतऽऽऽ? भाकरी किती जनांची टाकूऽऽऽ?"

येसूबाईला आधी कळलंच नाही. मग तिने डोळ्याला पदर लावला, नाक ओढलं आणि ओढ्याकडे बघून बोट नाचवत मोजायला लागली. पिकपपाशी तेरा, ड्रायव्हर चौदा.

"सोळाऽऽऽ!" ती ओरडली.

"मावशी, पिकपपाशी चौदा हाईत," संदेश म्हणाला. "मला धरून पंधरा."

"मला मोजता येतं."

आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून, फाट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या पिशवीवाल्याकडून आवाज आला. तो अजूनही पाठमोराच होता, पण आवाज स्वच्छ येत होता.

"मावशीऽऽऽ! माज्या दोन जादा सांगाऽऽऽ! सकाळधरनं काय बी खाल्लं न्हाई मीऽऽऽ!"

येसूबाईने एवढं मोठं तोंड करून वाडीकडे वळून हाळी दिली, की संदेशने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"शिदूच्या दोन जादाऽऽऽ!"